सातव्या नळीचं पाणी

साडूसाडूंची गोडी ही पंगतीपुरती असते, हे ज्याला साडू आहे त्याला सांगायला नको. सासऱ्याच्या दारात दोघं एकाच मापाने मोजले जातात आणि मग जन्मभर एकमेकांना मोजत बसतात. देवमन इंगळे आणि जानराव यांचंही तेच झालं. सव्वीस वर्षांपूर्वी एका घरच्या दोन पोरी दोघांनी केल्या, थोरली जानरावाने आणि धाकटी बेबी देवमनने. जानराव अमरावतीत सरकारी कचेरीत शिपाई लागला, परीक्षा देऊन क्लार्क झाला आणि दोन मजली घर बांधून बसला. देवमन राहिला गावातच, राखेच्या तळ्यावर.

हे तळं म्हणजे काय ते आधी सांगतो. अमरावती आणि अकोल्याच्या मधे, खारपाणपट्ट्यात, एक वीज कारखाना आहे. तिथे कोळसा जळतो. त्याची राख पाण्यात कालवून पाइपाने एका मोठ्या तळ्यात सोडतात. चारी बाजूंनी मातीचा बांध, तळाला प्लास्टिकचं अस्तर. अस्तर कुठे फाटलं तर राखेचं पाणी जमिनीत मुरतं आणि मुरत मुरत लोकांच्या विहिरीत जातं. ते वेळेवर कळावं म्हणून तळ्याभोवती अकरा बोर मारून त्यांत नळ्या उभ्या केल्या आहेत. कागदावर त्या निरीक्षण विहिरी, गावात नुसत्या नळ्या. दर तिसऱ्या दिवशी नळीत टेप सोडायची, पाण्याला टेकली की ती टीं करते, तो आकडा रजिस्टरात लिहायचा आणि बाटलीत नमुना भरायचा. एकोणीस वर्षं हे काम देवमनचं होतं.

आणि खोटं कशाला बोला, गडी त्यात वस्ताद होता. खारपाणपट्ट्यातला माणूस मुळातच पाण्याचा चोखंदळ, कारण इथे दहा विहिरी खणाव्या तर नऊ खाऱ्या लागतात. देवमन नमुना भरताना दोन थेंब जिभेवर घ्यायचा. साहेबांनी शंभरदा बजावलं होतं की असं करू नको, पण ऐकेल तो देवमन कसला. तो म्हणायचा, खारं पाणी जिभेच्या टोकाला कळतं आणि राखेचं घशाखाली उतरल्यावर. शिवाय राखेचं पाणी बोटांत चोळलं की बुळबुळतं. अमरावतीच्या प्रयोगशाळेचा कागद यायला महिना लागे. तोवर मोठे साहेबसुद्धा म्हणत, देवमनला विचारा. या दोन शब्दांवर त्याने एकोणीस उन्हाळे काढले. पगार काही मोठा नव्हता, पण गावात बोर मारायचा असला तरी लोक आधी त्याच्या दारात येत.

मागच्या वर्षी तळ्यावर पाणी तपासनीसाची जागा निघाली, बी.एस्सी.वाल्यांसाठी. देवमनची खुशी बी.एस्सी. झालेली. त्याने साहेबांच्या कानावर घातलं, बेबीने नवसासारखं मनात धरलं, खुशी मुलाखत देऊनही आली. आणि जागा लागली कोणाला? जानरावच्या दीक्षाला. तिने अर्ज केलाय हे जानरावाने तोंडातून काढलं नव्हतं. पेढे घेऊन आला तेव्हा म्हणाला, घरातल्या घरात राहिली बघा नोकरी. देवमनने पेढा तोंडात टाकला आणि पाणी प्यायला म्हणून मोरीकडे गेला.

आता पोरगी वाईट असती तर बरं झालं असतं. रागाला जागा तरी मिळाली असती. दीक्षा आली ती सरळ पाया पडली, मावसाजी मावसाजी करत मागेमागे फिरली, दर रविवारी मावशीच्या हातचं जेवायला घरी येऊ लागली. बेबीला तर दीक्षा म्हणजे काय करू नि काय नको. जी बाई नवऱ्याला भाजीत तेल जास्त झालं म्हणून टोकायची ती भाचीच्या पोळीवर तुपाची धार धरायची. खुशीही तिच्याशी हसून बोलायची, तिची पुस्तकं मागून वाचायची. सगळ्या घरात एकटा देवमनच जळत होता आणि जळतोय हे कोणाला दिसू नये म्हणून सगळ्यांत मोठ्याने हसत होता.

मग आली मशीनं. अंगठ्याएवढी नळकांडी, तारेला बांधून नळीत सोडून द्यायची. ती आपली आपण तासातासाला पाणी मोजतात आणि आकडा दीक्षाच्या कॉम्प्युटरवर जातो. मार्चअखेर दहा नळ्यांत दहा मशीनं बसली. सातव्या नळीला कधीतरी टिप्परचा धक्का लागून ती आत वाकली होती, तिच्यात मशीन उतरेना. देवमनची टेप मात्र बारीक, ती जायची. दीक्षा म्हणाली, सात नंबर तुमच्याकडेच राहू द्या मावसाजी. तिने ते मानाने म्हटलं होतं. त्याला ते ताटातलं उष्टं पुढे सरकवल्यासारखं वाटलं. अकरांपैकी एक उरली, तीही वाकडी म्हणून.

चौदा एप्रिलला जयंतीसाठी सगळे अमरावतीला जानरावकडे जमले. संध्याकाळी वस्तीतल्या मंचावर शिकलेल्या पोरापोरींचे सत्कार झाले. दीक्षाला शाल, पुस्तक आणि टाळ्या. भाषण करणाऱ्याने सांगितलं की ही आपली लेक पाण्याची पहारेकरीण आहे. देवमन खाली खुर्चीत बसला होता आणि त्याच्या अंगाचा तिळपापड होत होता. पाण्याचा पहारेकरी! एकोणीस वर्षं उन्हातान्हात पायपीट कोणाची? जेवताना जानरावाने सासरच्या सगळ्या माणसांसमोर सांगितलं की आता देवमनले आरामच आराम, काम मशीनच करते. वर प्रेमाने विचारलं, खुशीचं कुठं जमते काय? देवमन म्हणाला, पाहून राहिलो. रात्री परतीच्या एसटीत तो खिडकीकडे तोंड करून बसला. बेबीला सगळं कळत होतं.

सोळा तारखेला तो फेरीवर निघाला. फेरी म्हणजे काय, एकच नळी. सातव्या नळीत टेप सोडली आणि साडेचौदा मीटरवर व्हायचं टीं तेरा पॉइंट आठवर झालं. त्याने टेप ओढून पुसली, पुन्हा सोडली. तिसऱ्यांदा सोडली. तेच. आता चैत्र म्हणजे सगळ्या विहिरींचं पाणी खाली जायचे दिवस. थेंबभर पाऊस नाही, जवळ कालवा नाही, आणि पाणी हातभर वर आलेलं. त्याने नमुना काढला, दोन थेंब जिभेवर घेतले, गिळले, थांबला. मग बोटांत चोळून पाहिलं. अस्तर फाटलं होतं.

सातव्या नळीच्या पलीकडे चारशे मीटरवर आशाबाईची विहीर. आशाबाई माळीण, मेथी, वांगी, झेंडू पिकवायची. सबंध शिवारात गोड्या पाण्याची ती एकच विहीर. पंधरा घरं तिथून पिण्याचं पाणी भरत. आशाबाई कधी कोणाला नाही म्हणाली नव्हती. राखेचं पाणी निघालं होतं ते तिच्याच दिशेने, कारण उतार तिकडचाच.

देवमनने गाडीला किक मारली आणि थेट ऑफिस गाठलं. त्या वेळी त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. तो सांगायलाच निघाला होता. दारात पोचला तर आत दीक्षा कॉम्प्युटरसमोर, मागे मोठे साहेब वाकून उभे. पडद्यावर दहा रेघा, सगळ्या शहाण्यासारख्या खाली उतरणाऱ्या. साहेब म्हणत होते की इतकी वर्षं आपण अंदाजाने काम केलं, खरं मोजमाप आत्ता सुरू झालं. देवमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंदाजाने! तो उंबऱ्यातून मागे फिरला. बाहेर कडुनिंबाखाली बसून त्याने रजिस्टर उघडलं आणि सातव्या नळीपुढे लिहिलं, चौदा पॉइंट सहा.

मग खिशातली छोटी डायरी काढली आणि तिच्यात खरा आकडा लिहिला, तारखेसकट.

कारण बेत तिथेच ठरला होता. सहा मेला बाहेरून तपासणीचे अधिकारी येणार होते. दीक्षा त्यांच्यापुढे आपल्या दहा रेघा दाखवणार, सगळं ठीक म्हणणार. तेव्हा देवमन उठून उभा राहणार आणि सांगणार की साहेब, दहा मशीनं झोपली, गळती सापडली ती या हाताला. रजिस्टरात का नाही लिहिलं, असं कोणी विचारलं तर म्हणायचं, खात्री करत होतो. मग कोण म्हणतो अंदाजाने, ते पाहू. त्याला ते दृश्य डोळ्यांसमोर दिसत होतं. साहेबांचं पडलेलं तोंड, दीक्षाची खाली गेलेली मान, आणि संध्याकाळी अमरावतीला जानरावच्या घरी वाजणारा फोन. वीस दिवसांचा तर प्रश्न होता. जमिनीतलं पाणी गोगलगायीसारखं चालतं, चारशे मीटर यायला त्याला महिने लागतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारे पुष्कळ असतात. हा गडी आशाबाईचं नाक कापायला निघाला होता.

एकोणीस तारखेला पाणी आणखी चढलं. बावीसला आणखी. रजिस्टरातला आकडा गुमान खाली उतरत राहिला, डायरीतला चढत राहिला. फेरी झाली की आशाबाईच्या मळ्यात चहा घ्यायचा हा त्याचा वर्षानुवर्षांचा रिवाज. बावीसला तिने हाक मारली तेव्हा तो म्हणाला, ॲसिडिटी झाली, चहा बंद केला. आशाबाईने काळजीने विचारपूस केली, जिऱ्याचं पाणी पी म्हणाली, देऊ का करून? तो नको नको म्हणत गाडीवर बसला. ज्या माणसाला वाटत होतं की पाणी अजून विहिरीपर्यंत पोचलेलं नाही, त्याने चहा काहून सोडला, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

सव्वीस तारखेला रविवार होता. दीक्षा घरी जेवायला आली, पण नीट जेवेना. बेबी आत गेल्यावर म्हणाली, "मावसाजी, आठ नंबर दोन दिवसांपासून थोडा चढून राहिला. बोटभरच हाय. तुमचा सात नंबर काय म्हणते?"

देवमनच्या हातातला घास हातातच राहिला. ही वेळ होती. आत्ता बोलला असता तर सगळं निभावलं असतं, पंधरा घरं, विहीर, आणि त्याची लाजही. पण आठव्या नळीने तोंड उघडलं म्हणजे गळती मशीननेच पकडली असं होणार. टाळ्या पुन्हा तिलाच.

"सात तर खालीच चाललं," तो म्हणाला. "तुह्यं मशीन बसलं अशीन उन्हानं."

त्याला वाटलं होतं ती वाद घालेल, मशीनची बाजू घेईल. तिने नुसती मान हलवली. दुसऱ्या दिवशी आठव्या नळीतलं मशीन काढून नागपूरला दुरुस्तीला पाठवलं. देवमनला आधी आश्चर्य वाटलं आणि मग उकळ्या फुटल्या. आता तर सगळं मैदान मोकळं होतं. त्या दिवशी तो दोन भाकरी जास्त जेवला आणि बेबीला म्हणाला की वांग्याची भाजी झकास झाली.

एक मेला सुट्टी असूनही तो तळ्यावर गेला. का गेला ते त्यालाच ठाऊक. सातव्या नळीत पाणी साडेबारावर आलं होतं. तिथून तो चालत आशाबाईच्या विहिरीवर गेला. आशाबाई बाजाराला गेली होती. वस्तीतल्या दोन बाया पाणी ओढत होत्या. एकीने त्याला कळशीतलं पाणी ओंजळीत दिलं. त्याने घोट घेतला, गिळला, वाट पाहिली.

घशात ते होतं. अगदी बारीक. दुसऱ्या कोणाला वर्षभर कळलं नसतं इतकं बारीक, पण होतं. बाई म्हणाली, गोड हाय न भाऊ, आमचं पाणी? तो हो म्हणाला.

विहिरीपासून गाडीपर्यंतच्या वाटेत देवमनने आयुष्यातलं सगळ्यात घाण गणित केलं. एकोणीस वर्षांची इमानदारी एका पारड्यात टाकली, जानरावचं तोंड दुसऱ्यात. चार-पाच दिवसांत कोणी मरत नाही, तो स्वतःशी म्हणाला. डायरीत लिहिलं, एक मे, आशाबाईची विहीर, चव लागली. आणि घरी गेला. रात्री झोप आली नाही, पण उठून कोणाकडे गेलाही नाही.

सहा मेला बैठक भरली. टेबलाच्या एका बाजूला तपासणीचे तीन अधिकारी, दुसऱ्या बाजूला मोठे साहेब आणि दीक्षा, भिंतीला लागून बाकीची माणसं. देवमन इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. डायरी खिशात होती आणि पहिलं वाक्य पाठ होतं. दीक्षाने रेघा दाखवल्या. अधिकाऱ्यांतला एक चष्मेवाला बारकाईने पाहत होता. त्याने विचारलं, आठव्या नळीची रेघ सत्तावीस एप्रिललाच का तुटली?

दीक्षाने सांगितलं की त्या यंत्राने चढ दाखवला होता, तो चुकीचा वाटला म्हणून यंत्र काढलं. अधिकारी तडकला. चढ दाखवणारं यंत्रच काढून टाकता? मग ते बसवता कशाला? कोणाच्या जोरावर ठरवलंत की चूक यंत्राची आहे?

"सातव्या नळीच्या जोरावर," दीक्षा म्हणाली. आवाज शांत होता. "ती आठव्याला लागून आहे. तिथे यंत्र नाही, हाताने मोजतात. देवमन इंगळे मोजतात. इथे आल्यावर मी एकोणीस वर्षांची सगळी रजिस्टरं प्रयोगशाळेच्या कागदांशी ताडून पाहिली. त्यांचा एक आकडा चुकलेला सापडला नाही. यंत्र आणि त्यांचा हात यांत फरक पडला तर मी त्यांचा हात धरते. या अहवालात गळती नाही असं लिहिलंय ते त्यांच्या आकड्यावर लिहिलंय. सही माझी आहे."

देवमन भिंतीला टेकून उभा होता. पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. जे ऐकायला तो वर्षभर तळमळत होता ते भरल्या सभेत, साहेबांसमोर, त्याच्याबद्दल बोललं गेलं होतं. आणि बोललं होतं कोण, तर जिची मान खाली जावी म्हणून तो वीस दिवस खपला होता ती. इतके दिवस त्याला वाटत होतं, आपल्याला कोणी मोजत नाही. हिने तर एकोणीस वर्षांचं पान न् पान मोजलं होतं. त्याला जमिनीने पोटात घ्यावं असं वाटलं. अधिकारी अजून दीक्षाला झापत होता, नोकरीला किती दिवस झाले विचारत होता.

"साहेब," देवमन म्हणाला, "सातवी नळी चढून राहिली. सोळा एप्रिलपासून. म्या रजिस्टरात खोटं लिवलं."

सगळे वळले. मोठे साहेब आधी दचकले आणि मग चक्क हसले. त्यांनी अधिकाऱ्यांना समजावलं की हे तिचे मावसा आहेत, पोरगी अडचणीत आली म्हणून चूक स्वतःवर घेऊन राहिले. चष्मेवाल्याचाही चेहरा निवळला. तो म्हणाला, काका, तुमचं प्रेम समजतं आम्हाला, पण बसा. कोणीतरी मागून म्हणालं, असा मावसा सगळ्यांले भेटो. अशी नामुष्की कोणा चोराच्या वाट्यालाही येत नसेल. चोरी कबूल करावी आणि लोकांनी हार घालावा.

त्याने खिशातून डायरी काढून टेबलावर ठेवली. दीक्षाने ती उघडली. एकेक तारीख वाचत गेली. सोळा, एकोणीस, बावीस, पंचवीस. तिचं बोट शेवटून दुसऱ्या ओळीवर थांबलं आणि तिथेच राहिलं.

"एक तारखेले तुमाले माहीत होतं?" तिने विचारलं. "लोक थे पाणी पिऊन राहिले हे माहीत होतं?"

"व्हय."

दीक्षाने डायरी साहेबांपुढे सरकवली आणि म्हणाली, आधी विहीर बंद करायची, बाकीचं नंतर. जीपची चावी घेऊन ती निघालीसुद्धा.

सातव्या नळीत पाणी बाराला आलेलं निघालं. आशाबाईच्या विहिरीची मोटार तोडली, कठड्यावर लाल रंगाने पिऊ नये असं लिहिलं, टँकर सुरू झाला. नमुने अमरावतीला गेले. अस्तराची फाट सापडली, ती बुजवायचं काम लागलं. पण विहिरीचं पाणी परत पिण्याजोगं व्हायला किती पावसाळे लागतील ते कोणी सांगेना. आशाबाई भांडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली की भाऊ, तू पिणं सोडलं तवा मले सांगतलं असतं, तर म्याही सोडलं असतं. देवमनला कामावरून काढलं. दीक्षाकडून लेखी खुलासा मागितला, कारण सही तिची होती. जानरावाचा फोन आलाच नाही. देवमन दोन दिवस फोनकडे पाहत होता, साडूने चार शिव्या हासडल्या असत्या तर जीव हलका झाला असता. बेबी ताट वाढायची आणि आत निघून जायची.

तिसऱ्या दिवशी तो टेप, चाव्या आणि बाटल्यांची पेटी परत करायला ऑफिसात गेला. दीक्षा एकटीच होती. तिने सामान यादीवर तपासून घेतलं. त्याने सही केली. सही करून झाल्यावरही तो उभाच राहिला.

"जळलो मी तुह्यावर," तो म्हणाला. "खुशीची जागा तुले भेटली. जानरावच्या घरी गेली. मशीन आलं, साहेब तुह्यं नाव घेऊन राहिले. दुसरं काही कारण नाही."

दीक्षा थकलेली दिसत होती. मग तिने बाटल्यांची पेटी उचलून कपाटात ठेवली आणि त्याच्याकडे न पाहता बोलली.

"मावसाजी, मुलाखतीत मले एकच प्रश्न अडवणारा विचारला त्यायनं. कॉम्प्युटर नाही, मशीन नाही, प्रयोगशाळेचा कागद आला नाही, तर गळती कशी ओळखशीन? बाकी बहुतेक पोरं पुस्तकातलं सांगून राहिले होते. मी तुमचं सांगतलं. मी नऊ वर्षांची होती, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमी मले सायकलच्या दांडीवर बसवून नळ्यानळ्यानं फिरवत होते. कोणत्या महिन्यात कोणतं पाणी कुठं असते, बोटाले कसं लागते, सगळं. मी तेच सांगतलं, म्हणून जागा भेटली."

देवमनला आठवलं. दोन वेण्यांची पोरगी, दांडीवर बसून एकसारखे प्रश्न विचारणारी. आणि तेही आठवलं की त्या सुट्टीत खुशी रोज सकाळी सायकलमागे रडत यायची. मले पण ने म्हणायची. ऊन लागेल, काळी पडशील म्हणून तो तिला दारातूनच परत पाठवायचा. भाची पाहुणी होती, तिचं मन मोडता येत नव्हतं.

मुलाखतीला तर खुशीही बसली होती. तोच प्रश्न तिलाही विचारला असणार. तिने घरी येऊन बापाला कधी सांगितलं नव्हतं की त्या प्रश्नाला ती गप्प बसून राहिली.